वाट आधी, गाडी नंतर

मारुती जिप्सीच्या पोटाखालची सर्वांत कमी जागा २१० मिलीमीटर. जेमतेम वीतभर. डोंगरवाटांसाठी जुनी जिप्सी बांधायला घेतलेला माणूस पुढे वर्षभर जी खटपट करतो, त्यातली निम्मी या वितीसाठी असते. मात्र ही वीत नेमकी कुठे मोजायची असं विचारलं, की बरेच जण पायरीकडे किंवा चासीकडे बोट दाखवतात. ती मोजायची अ‍ॅक्सलच्या गोळ्याखाली. दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या लोखंडी नळीवर जो फुगीर भाग असतो, ज्याच्या पोटात क्राउन आणि पिनियन फिरतात, तो या गाडीचा सर्वांत खालचा अवयव. वाटेतला धोंडा आधी त्यालाच लागतो.

हे एकदा ध्यानात आलं, की गॅरेजमध्ये सर्वांत जास्त खपणारी 'गाडी उचलून घेण्याची' कल्पना तपासून बघावीशी वाटते. कमानीच्या पाट्यांमध्ये एक पाटा वाढवला, लांब शॅकल लावले, तर गाडी दोन-तीन इंच वर जाते आणि रस्त्यावर लोक वळून बघतात. वर जाते ती चासी आणि तिच्यावरची बॉडी. अ‍ॅक्सल होता तिथेच राहतो, त्याचा गोळाही तिथेच. अ‍ॅक्सलला जमिनीपासून वर नेणारी गोष्ट एकच, टायर. जिप्सीचा २०५/७० आर १५ मापाचा टायर साधारण ६६८ मिलीमीटर व्यासाचा असतो. त्याच्या जागी २३५/७५ चढवला, तर व्यास ७३३च्या आसपास जातो. गोळा त्याच्या निम्म्यानेच वर येतो, म्हणजे सुमारे ३३ मिलीमीटर. ३१ इंची टायर घातला तर ६० मिलीमीटर. कमाई एवढीच. या सव्वा ते अडीच इंचांच्या बदल्यात ब्रेक, गिअर, स्टिअरिंग आणि कायदा यांना काय काय द्यावं लागेल, ते गाडीला पाना लावण्याआधी कागदावर मांडायचं असतं.

साताऱ्याजवळच्या एका गावात सध्या अशी एक गाडी कागदावर उभी राहते आहे. बापलेकीची. वडील ऊसबागायतदार, मुलगी यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला. जुनी जिप्सी घेऊन झाली आहे, गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी आहे, आणि अजून तिचा एकही नट बदललेला नाही. मुलीने एक वही केली आहे. तिच्या पहिल्या पानावर गाडी नाही, वाटा आहेत. शेतावरून खोऱ्यात उतरणारी बैलगाडीची जुनी वाट. मळ्यामागचा ओढा. मुळशीकडे एका स्नेह्याच्या मालकीच्या जमिनीत आखलेला सरावाचा मार्ग. प्रत्येक वाटेपुढे माती कोणती, चढ कसा, पाणी किती, आणि अडकलो तर मदत किती लांब, असे रकाने.

हे पान तिला लिहायला लावलं त्यांच्या मिस्त्रींनी. आयुष्यभर जीप-जिप्सीच करत आलेला हा माणूस. वडिलांनी पहिल्याच भेटीत विंचची, म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढून काढणाऱ्या यंत्राची, चौकशी केली, तेव्हा ते म्हणाले, "अण्णा, गाडी काय, म्हणाल तशी बांधतो. पण जाणार कुठं, ते आधी बोला." मला हे वाक्य या साऱ्या विषयाचं मूळ वाटतं. परदेशी मासिकांतले आणि चित्रफितींमधले फोटो पाहून गाडी बांधणारे अनेक आहेत. अमेरिकेच्या युटा राज्यातल्या मोअ‍ॅबचा कोरडा वालुकाश्म टायरला घट्ट पकड देतो. तिथे ज्या गाड्या उभ्या कपारी चढतात, त्या आपल्याकडच्या श्रावणात शेवाळलेल्या कातळावर जागच्या जागी घसरतील. आपल्या वाटा वेगळ्या आहेत, म्हणून आपल्या गाड्याही वेगळ्या असायला हव्यात.

सह्याद्रीत दोन तासांच्या अंतरात चार प्रकारची जमीन लागते. घाटमाथ्यावर बेसॉल्टचे टप्पे, त्यांच्या कडा धारदार; टायरची बाजू फाटते ती इथे. उतारावर मुरूम, तो कोरडा असताना चाकाखालून गडगडत निसटतो. कोकणाच्या अंगाला जांभा आणि त्याची लाल माती. आणि देशावर काळी माती, जी पावसात सर्वांची परीक्षा घेते. या मातीतली चिकणमाती पाणी शोषून फुगते, टायरच्या खाचांमध्ये थापली जाते, आणि काही मीटरांत नक्षीदार टायर गुळगुळीत होऊन बसतो. म्हणून चिखलाचा टायर निवडताना दोन ठोकळ्यांमधली फट किती रुंद आहे, हे बघायचं. फट रुंद असली तर फिरताना चिखल बाहेर फेकला जातो. पण तोच टायर डांबरी रस्त्यावर गुरगुरतो, ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना कमी पकड देतो, आणि सातारा ते मुळशी हा प्रवास डांबरावरूनच करायचा असतो. वहीत याचा निकाल लागला तो असा: वर्षातला बहुतेक प्रवास रस्त्यावरचा असेल, तर सर्व प्रकारच्या जमिनीसाठीचा टायर; आणि वाटेवर पोचल्यावर हवा कमी करायची.

हवेबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण इतक्या कमी खर्चात इतका फरक पाडणारी दुसरी गोष्ट नाही. रस्त्यावर २६-२८ पौंड हवा असलेला टायर वाटेच्या तोंडाशी १५-१६ पौंडांवर आणला, की तो जमिनीवर लांबट पसरतो, दगडाच्या आकाराशी जुळवून घेतो, आणि चालकाच्या कण्याला बसणारे दणकेही कमी होतात. जिप्सीसारख्या हलक्या गाडीत तर हा फरक पहिल्याच चढावर कळतो. अट एवढीच, की वेग कमी ठेवायचा, जोरात वळण घ्यायचं नाही, नाहीतर टायर रिममधून निसटतो. आणि परत डांबरावर येण्याआधी हवा भरायची. म्हणजे हवा मोजायचा चांगला गेज आणि बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर. वहीतल्या खरेदीच्या यादीत हे दोन पहिले आहेत. विंच बराच खाली आहे.

जुनी जिप्सीच का, हा प्रश्न मी दोघांनाही विचारला. वडिलांचं उत्तर आठवणीतून आलं, लेकीचं वजनातून. जिप्सी १९८५च्या अखेरीस आली, ९७० सीसीचं इंजिन घेऊन. १९९६मध्ये १.३ लिटरची जिप्सी किंग आली, पुढे तिला सोळा व्हॉल्व्हचं ८० अश्वशक्तीचं इंजिन मिळालं, आणि नवे सुरक्षानियम लागू होण्याच्या सुमारास, २०१९च्या आरंभी, सामान्य ग्राहकांसाठी तिचा प्रवास थांबला. लष्कर, पोलीस, वनखातं, रॅली अशा सगळ्या ठिकाणी ती राबली. तिचं कापडी टपाचं रूप रिकामं असताना जवळपास एक टन भरतं. पुढेमागे दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल, चारही चाकांवर पाटे, आणि गिअरबॉक्सपासून वेगळा बसवलेला ट्रान्सफर केस. जगात इतरत्र सामुराई किंवा सिएरा या नावांनी फिरलेल्या सुझुकीच्या घराण्यातली ती लांब बहीण. तिचा व्हीलबेस २३७५ मिलीमीटर, सामुराईचा सुमारे २०३०. लांबीमुळे चढावर ती स्थिर राहते. पण बांध ओलांडताना तिचं पोट टेकतं, ही त्याच लांबीची दुसरी बाजू.

पर्याय कमी नव्हते, आणि त्यातले बरेचसे महाराष्ट्राच्याच मातीतले. मुंबईत १९४७ साली विलीज जीपची जुळणी सुरू झाली, त्या महिंद्र घराण्याची एमएम ५४० अजूनही खेड्यापाड्यांत सापडते. तिच्यातलं पेजोच्या परवान्याचं डिझेल इंजिन आवाज फार करतं, पण कमी फेऱ्यांवर ओढतं, आणि तालुक्याच्या कुठल्याही मिस्त्रीला ते उघडता येतं. थार २०१०मध्ये आली. २०२०च्या २ ऑक्टोबरला दुसऱ्या पिढीची आली, नाशिकला बनणारी, २२६ मिलीमीटर क्लिअरन्सची आणि ६५० मिलीमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता सांगणारी. पुण्याच्या आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची गुरखा तर दोन्ही अ‍ॅक्सलना कंपनीतूनच लॉक घेऊन येते. पैसे हाताशी असतील आणि गाडी रोजच्याही वापरात ठेवायची असेल, तर गुरखा किंवा थार घ्यावी आणि तिला फारसा हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बांधण्याचा आनंद ज्याला हवा आहे, त्याच्यासाठी मात्र हलकी, साधी, उघडून दुरुस्त करता येणारी गाडी हवी. मुलीच्या शब्दांत, "थार जिथं ताकदीनं वर जाते, तिथं आपण हलकेपणानं जायचं."

हे हलकेपण या गाड्यांच्या रक्तातच आहे. अमेरिकी सैन्याने १९४० साली छोट्या टेहळणी गाडीसाठी निविदा काढल्या, तेव्हा वजनाची अट १३०० पौंडांची होती. ती कुणालाच पाळता आली नाही. नमुना द्यायला मुदत होती ४९ दिवस. बँटम या लहानशा कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याच्या मदतीने तो २३ सप्टेंबर १९४०ला मेरीलँडमधल्या होलाबर्डच्या तळावर मुदतीत पोचवला. पुढे वजनाची मर्यादा २१६० पौंडांपर्यंत वाढवण्यात आली. विलीजचं इंजिन प्रतिस्पर्ध्यांपेक्षा जोरदार, पण गाडी जड. तिचे मुख्य अभियंता बार्नी रूस यांनी गाडीचा भाग न् भाग सुटा करून तोलला, बोल्ट गरजेपुरते आखूड केले, पत्रा हलका वापरला. रंगाचा जादा हातही वजनाच्या हिशेबात धरला, असं सांगितलं जातं. गाडी मर्यादेत बसली, आणि युद्धभर फोर्ड व विलीज मिळून या आराखड्याच्या सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या. आजचा हौशी मालक नेमका उलटा चालतो. लोखंडी बंपर, टपावर कॅरिअर, कॅरिअरवर जेरीकॅन, दिव्यांची रांग, दाराशी कुऱ्हाड. प्रत्येक वस्तू एकेकटी पटते. सगळ्या मिळून दीड-दोनशे किलो कधी होतात ते कळत नाही, आणि त्यातलं निम्मं ओझं टपावर, म्हणजे गाडी कलंडायला मदत करणाऱ्या जागी बसलेलं असतं.

म्हणून या वहीत वजनाचा वेगळा रकाना आहे. वस्तू, तिचं वजन, ती कुठे बसणार, आणि तिच्या बदल्यात काय निघणार. मागचं बाकडं निघणार. टपावर काहीही जाणार नाही. जास्तीचं चाक मागच्या दारावरून उतरवून आत, जमिनीलगत बांधता येईल का, यावर बापलेकीत अजून एकमत नाही.

आता गिअर. इंजिनाने किती फेरे मारले की चाकाचा एक फेरा होतो, हा आकडा वाटेवर फार बोलका असतो. जिप्सीच्या पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.६५, ट्रान्सफर केसच्या लो रेंजचं २.२७, अ‍ॅक्सलचं ३.७३. तिन्हींचा गुणाकार सुमारे ३१. म्हणजे लो फोरमध्ये पहिल्या गिअरला इंजिनाचे ३१ फेरे तेव्हा चाकाचा एक. टायर मोठा झाला की त्याच एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे सरकते, म्हणजे गिअर आपोआप 'उंच' होतो. २३५/७५ टायरवर या ३१चं मोल २८ इतकंच उरतं, ३१ इंची टायरवर २६. उतारावर गाडी इंजिनाच्या बळावर हळूहळू उतरायला हवी, ती आता घाईने उतरते. चढावर क्लच अर्धा दाबून धरावा लागतो, आणि क्लच प्लेट जळाल्याचा वास येतो. परदेशात सामुराईवाल्यांनी यावर ट्रान्सफर केसचेच गिअर बदलण्याचा उपाय शोधला. ४.१६ गुणोत्तराचा संच घातला, की तोच गुणाकार छप्पन्नच्या वर जातो. आपल्याकडे असा संच मागवणं महाग आणि वेळखाऊ. म्हणून साताऱ्याच्या वहीत ३१ इंची टायरवर काट आहे. २३५/७५ वर थांबायचं, ३३ मिलीमीटरमध्ये समाधान मानायचं, गिअर मूळचेच ठेवायचे. ब्रेकचाही हिशेब यातच आला. मोठं, जड चाक थांबवायला पुढचे डिस्क आणि मागचे ड्रम तेच असतात. म्हणून टायरच्या आधी ब्रेकचं पूर्ण काम: होज, सिलिंडर, लायनिंग, सगळं नवं.

आणि यानंतर या गाडीतला सर्वांत महत्त्वाचा, बाहेरून अजिबात न दिसणारा भाग. फोर बाय फोर म्हणजे चारही चाकं ओढतात, अशी समजूत सर्वत्र आहे. ती पुरती खरी नाही. अ‍ॅक्सलच्या गोळ्यातला साधा डिफरेन्शियल एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, आणि तो जोर कमी पकड असलेल्या चाकाला पेलवेल तेवढाच असतो. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरू देण्यासाठी ही रचना हवीच. पण बैलगाडीच्या जुन्या वाटेवर एका बाजूची चाकोरी खोल, दुसऱ्या बाजूला धोंडा, असं असताना गाडी तिरकी लटकते. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हवेत जातं. हवेतल्या चाकाला फिरायला जोर लागतच नाही. म्हणून जमिनीवर टेकलेल्या जोडीदारालाही जवळपास शून्य मिळतो. इंजिन ओरडतं, दोन चाकं हवेत गरगरतात, आणि फोर बाय फोर गाडी इंचभरही हलत नाही. यावर दोन उपाय आहेत. पहिला, चाकं शक्यतो जमीन सोडणार नाहीत अशी पाट्यांची रचना: जादा पाटे भरून कडक केलेली कमान इथे उलट घात करते, मऊ आणि लवचीक कमान चाकाला खड्ड्यात खाली जाऊ देते. दुसरा, डिफरेन्शियलला लॉक. बटणाने हवेच्या दाबावर लागणारा, किंवा आपोआप लागणारा. लॉक लागला की दोन्ही अर्धे शाफ्ट एकजीव फिरतात, आणि जमिनीवरचं एकटं चाक सगळा भार उचलतं. काही गॅरेजांत डिफरेन्शियलचे गिअर वेल्डिंगने जोडून देतात. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला हे कधीही करू नये. वळणावर आतलं चाक फरफटतं, टायर झिजतात, शाफ्ट तुटतो, आणि ओल्या घाटात गाडी वळायलाच नकार देते. एकच लॉक परवडत असेल तर मागच्या अ‍ॅक्सलला. चढावर भार मागे जातो आणि पुढची चाकं वळायला मोकळी लागतात.

"एवढ्या पैशांत विंच आणि बंपर दोन्ही आलं असतं," असं वडील म्हणाले. "पप्पा, लॉक असला तर विंच दहात एकदा लागेल," लेकीचं उत्तर. मिस्त्रींनी मान डोलावली, म्हणून तो वाद तिथेच मिटला.

कायद्याचं पान मात्र सहज मिटण्यासारखं नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८चं कलम ५२ सांगतं, की नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात या कलमाचा हाच कडक अर्थ उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं: परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुढचे लोखंडी गार्ड पादचाऱ्यांच्या जिवावर उठतात आणि एअरबॅगच्या कामात अडथळा आणतात, म्हणून त्यांच्याविरुद्ध केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७मध्येच राज्यांना लिहिलं होतं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी हवी. पंधरा वर्षांपुढच्या गाडीचं फेरपासिंगही आहेच. त्याची फी १ एप्रिल २०२२पासून मोटारीसाठी सहाशेवरून पाच हजारांवर गेली. विम्याचंही तसंच. बदल कळवले नसतील तर दावा अडतो, आणि नेहमीच्या पॉलिसीत शर्यती-चाचण्यांमधलं नुकसान धरलेलंच नसतं.

'सगळेच करतात' म्हणून हे पान उलटून पुढे जाणारे मी पाहिले आहेत. मला ते पटत नाही. अपघात झाला तर समोरच्याला भरपाई देताना, आणि कोर्टात उभं राहताना, 'सगळे' सोबत नसतात. प्रामाणिक वाटा दोनच दिसतात. एक: गाडी रस्त्याची ठेवायची, बदल आतले आणि परत काढता येतील असे करायचे, टायरचं माप आणि बाकीचे बदल आरटीओच्या निरीक्षकाला आधी विचारून घ्यायचे. दुसरी: गाडी निव्वळ वाटेची करायची, मनाजोगती कापायची-जोडायची, आणि मैदानापर्यंत ट्रकवर चढवून न्यायची. गोव्यात २०१४पासून पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत उतरणारे अनेक जण दुसरी वाट धरतात. बापलेकीने पहिली धरली आहे. त्यांचं उचलणं एका इंचापुरतंच आहे, टायर मडगार्डला घासू नये एवढं.

पाण्याचं पान लहान आहे, पण त्यातली एक ओळ प्रत्येकाने लिहून ठेवावी. तासभर चाललेल्या गाडीचा अ‍ॅक्सल तापलेला असतो. तो ओढ्याच्या गार पाण्यात बुडाला, की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढून घेते. तेलाचा रंग दुधाळ होतो, काही महिन्यांत बेअरिंगं जातात, आणि मालक मिस्त्रीला दोष देतो. उपाय स्वस्त: अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्या श्वासनळ्या रबरी पाइपने बॉनेटखाली उंच आणून बांधायच्या. इंजिनाला उंचावरून हवा देणारा स्नॉर्केल त्यानंतर. इंजिनाने पाणी गिळलं तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि कितीही स्नॉर्केल लावला तरी वाहत्या गढूळ पाण्यात, तळ पायी चाचपल्याशिवाय, गाडी घालायची नाही. एक टनाची गाडी बॉनेटपर्यंतच्या पाण्यात अर्धवट तरंगायला लागते, आणि आपल्या पावसाळी नद्या क्षणात चढतात.

सुटकेच्या सामानावर मिस्त्री सर्वांत जास्त बोलले. पुढेमागे चासीला बोल्टने घट्ट बसवलेले, योग्य जाडीच्या पत्र्याचे दोन-दोन हूक. बंपरला जोडलेले नकोत, आणि ट्रेलर ओढायच्या गोळ्याला तर पट्टा कधीच अडकवायचा नाही. ताणाखाली तो तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा उडतो, माणसं दगावली आहेत. ताणला जाणारा चांगला दोर, क्षमता छापलेले शॅकल, झाडाची साल सोलू नये म्हणून रुंद पट्टा, फावडं. विंच घ्यायचा तर गाडीच्या भरलेल्या वजनाच्या किमान दीडपट ओढणारा. जिप्सीसाठी पाच हजार पौंडांच्या वरचा पुरतो. बाजारात सहज मिळणारा साडेनऊ हजारांचा विंच पोलादी दोरासकट पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे तीस-चाळीस किलोंचा भार टांगतो. ड्रमवरच्या पहिल्या थराची ताकदच छापलेली असते, वरच्या थरांवर ती घटत जाते, हेही दुकानात कुणी सांगत नाही. कप्पी वापरली तर ओढ जवळपास दुप्पट मिळते. "एकटं जायचंच नाही," मिस्त्री म्हणाले. "दुसरी गाडी हाच खरा विंच."

राहिला प्रश्न वाटेचा, जिथून सगळं सुरू झालं होतं. वहीत मुलीने काही नावं लाल शाईने खोडली आहेत. त्यात सडे आहेत. कास पठार २०१२पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे, त्यामुळे त्याला पहारा मिळाला. पण सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीत असे कितीतरी जांभ्याचे सडे उघडे पडलेले आहेत. दुरून ती ओसाड, सपाट, गाडी हाकायला मोकळी जमीन दिसते. तिथे खडकावर बोटभर मातीचा थर असतो, आणि त्या थरात पावसाळ्याचे काही आठवडे गेंद, सीतेची आसवं, कवला फुलतात; त्यातल्या काही वनस्पती जगात अन्यत्र नाहीत. नक्षीदार टायरचा एक फेरा तो थर खरवडून काढतो, पुढचा पाऊस त्या चरातून माती वाहून नेतो, आणि खडक उघडा पडतो. तो परत झाकला जायला किती काळ लागेल ते माणसाच्या आयुष्यात मोजण्यासारखं नाही. समुद्रकिनाराही तसाच: कासवांची घरटी वाळूत असतात, आणि खारं पाणी चासीला आतून खातं. राखीव जंगलात परवानगीशिवाय गाडी घालणं हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. ज्या डोंगरांच्या ओढीने आपण ही गाडी बांधतो, त्यांनाच तिने ओरबाडलं तर बांधण्यात अर्थ नाही, असं मला मनापासून वाटतं. उरतात त्या मालकाच्या संमतीच्या खासगी जमिनी, पूर्वीपासून गाड्या जात असलेल्या वाटा, आणि आखून दिलेली स्पर्धेची मैदानं. सराव करायला तेवढं पुष्कळ आहे.

कामाचा क्रम त्यांनी पंचांगाला धरून लावला आहे. दिवाळीनंतर गाडी पूर्ण उघडायची: चासीला गंज कुठे आहे ते टोकदार हातोडीने ठोकून बघायचं, कमानीचे बुश, किंगपिनची बेअरिंगं, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, सगळी सीलं. पुण्यातल्या नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात सुटे भाग शोधायला लेक स्वतः जाणार आहे. संक्रांतीपर्यंत ब्रेक आणि स्टिअरिंग. होळीनंतर हूक, श्वासनळ्या, गोळ्यांखालचे जाड संरक्षक पत्रे. पाडव्याला टायर. मग गाडी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नेऊन आधी पुढची चाकं, नंतर मागची चाकं तोलायची, आणि वहीतल्या बेरजेशी ताडून बघायचं. लॉक या वर्षी नाहीच. मृगाच्या पहिल्या पावसात गाडी त्याशिवाय चालवायची, बैलगाडीच्या वाटेवर ती नेमकी कुठे अडते ते खुणा करून लिहायचं, आणि पुढच्या दिवाळीला, त्या खुणा बघून, मागच्या अ‍ॅक्सलचा गोळा उघडायचा. विंचच्या रकान्यात वडिलांनी पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून ठेवलं आहे, आणि लेकीने ते अजून खोडलेलं नाही.